अभयारण्यातील शैक्षणिक सहल : आखणी व हेतू



मलकापूर हा घाटाखालचा, कपाशीचा मुलूख. येथील मुलांना शेत, बाजार व आगगाडी परिचयाची. अरण्य मात्र पाठ्यपुस्तकातील चित्रापुरतेच. वस्तुतः त्यांच्या गावची नळगंगा घाटाच्या डोंगरांतूनच खाली येते, आणि त्याच अजिंठा डोंगररांगेत, बुलढाणा-खामगाव रस्त्यावर, ज्ञानगंगा अभयारण्य पसरलेले आहे. सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या या वनास १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. वन सरकारी, म्हणून ते कोणाचेच नव्हे, ही समजूत बालपणीच दूर व्हावयास हवी. सहलीचा खरा हेतू तोच होय.

सहलीची आखणी तीन टप्प्यांत करणे इष्ट.

पहिला टप्पा शाळेतील. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांस लेखी कळवून प्रवेशाचे दिवस, शुल्क, वाहन व मार्गदर्शक यांची आगाऊ निश्चिती करावी. पालकांची लेखी संमती घ्यावी. शिक्षकाने स्वतः एकदा वाट पाहून यावे. दहा-दहा मुलांच्या तुकड्या पाडून प्रत्येकीवर एक शिक्षक नेमावा. हिवाळ्याचे दिवस सर्वांत सोयीचे. पुढे पळस फुलतो खरा, परंतु पानगळीने वन कोरडे होऊन वणव्याचे भय वाढते.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष वनातील. वाघ-बिबट्या दाखविण्याचे वचन मुलांस कधीही देऊ नये. श्वापद न दिसल्यास ती हिरमुसतात, दिसल्यास गलका करतात. दोन्ही प्रकारे शिक्षण राहून जाते. त्याऐवजी प्रत्येक तुकडीस लहानसे काम द्यावे. एकीने अंजनाचे जोडपान व सालईची सोलणारी साल पाहून चित्र काढावे. दुसरीने पालापाचोळ्याखालच्या मातीची ओल व उघड्या वाटेवरील मातीची ओल यांची तुलना करावी. तिसरीने पलढग जलाशयाच्या काठचे पक्षी मोजावेत. पाचोळा पाणी कसा धरून ठेवतो हे ज्या मुलाने हाताने अनुभवले, त्यास डोंगरावरील झाड व गावातील विहीर यांचे नाते वेगळे सांगावे लागत नाही. वाट सोडू नये, हा नियम मात्र कडक असावा. या वनात अस्वलांचा वावर आहे.

तिसरा टप्पा सहलीनंतरचा, आणि बहुधा तोच राहून जातो. मुलांनी पाहिलेले लिहावे, नकाशा काढावा व तो गावकऱ्यांपुढे मांडावा. फेकलेली विडी रान कसे पेटविते, हे मुलाच्या तोंडून ऐकलेला बाप सहसा विसरत नाही.

या प्रसंगी एका वाघाची हकीकत वर्गात अवश्य सांगावी. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात २०१९ च्या आरंभी एका तरुण वाघाच्या गळ्यात संदेश देणारा पट्टा बसविण्यात आला. नव्या मुलुखाच्या शोधात तो निघाला, आणि शेते, ओढे व रस्ते ओलांडीत, तेरा-चौदाशे किलोमीटर फिरून, त्याच वर्षाच्या अखेरीस ज्ञानगंगेत पोहोचला. वाटेत माणसे असंख्य होती. तरी त्याने मनुष्याच्या मागे लागून हल्ला केल्याची नोंद नाही. एकदा मात्र तो झुडपात विसावला असता काही लोक आत शिरले व त्यांपैकी एक जखमी झाला. ती जखम कुतूहलाची होती, वाघाच्या क्रौर्याची नव्हे.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. अंतर राखून पाहणे हे भित्रेपणाचे लक्षण नसून सुजाणतेचे आहे. आणि अरण्य केवळ सीमाखांबांच्या आत संपत नाही. एका वनातून दुसऱ्या वनात जाणारी वाट शेतकऱ्यांच्या बांधांवरून जाते. आज घाटाखालच्या शाळांत बसलेली मुलेच उद्या त्या बांधांची धनी होणार आहेत. पुढचा वाघ त्यांच्या शेतातून सुखरूप जाईल की काठ्यांच्या गराड्यात सापडेल, याचा निर्णय पुष्कळ अंशी प्राथमिक शाळेच्या एका नीट आखलेल्या सहलीत होत असतो.