चार पंख्यांचे यान आणि मध्यमवर्गीय खिसा

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



विश्वकर्मा पूजेच्या दिवशी हावड्याचे आकाश पतंगांनी भरून जाते. संक्रांतीचा पतंग मागे ठेवून आलेल्या आपणा मराठी कुटुंबांना सप्टेंबरातला हा पतंग आता परका राहिलेला नाही. अलीकडे मुलांची नजर पतंगावरून क्वाडकॉप्टरकडे, म्हणजे चार पंख्यांच्या छोट्या यानाकडे, वळली आहे. "एवढा पैसा खेळण्यावर घालायचा का?" हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. आमचे उत्तर असे की, यान विकत घेऊ नये, बांधावे. आणि तेही टप्प्याटप्प्याने, महिन्याच्या खर्चातून उरेल तेवढ्यावर.

ही कल्पना जुनी आहे. 1907 साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधूंचे चार पंख्यांचे यंत्र जमिनीवरून जेमतेम उचलले गेले, तेव्हा ते स्थिर राखण्यासाठी चार माणसे धरून उभी होती. आज त्या चौघांचे काम काडेपेटीपेक्षाही लहान असा उड्डाण-नियंत्रक करतो. दोन पंखे घड्याळाच्या दिशेने आणि दोन उलट फिरतात, म्हणून यान स्वतःभोवती गरगरत नाही. कोणत्या पंख्याचा वेग किती वाढवायचा, हे नियंत्रक क्षणोक्षणी ठरवतो.

आता खरेदीचा क्रम. टिकणारी वस्तू आधी, झिजणारी शेवटी, हे आमचे सूत्र आहे. प्रथम रिमोट घ्यावा आणि तो संगणकाला जोडून आभासी उड्डाणाचा सराव करावा. तेथे कितीही वेळा पडले तरी काही मोडत नाही. मग सांगाडा. बेलिलियस रोडवरील कारखान्यांच्या या गावात ॲल्युमिनियमची चौकोनी नळी कापून घेणे अवघड नाही. त्यानंतर एकाच जातीच्या चार मोटारी व त्यांचे वेगनियंत्रक. चौघींची मिळून उचल यानाच्या वजनाच्या दुप्पट हवी. यान एक किलोचे, तर प्रत्येक मोटारीने निदान 500 ग्रॅम उचलावे. मोटार उलटी फिरली तर घाबरू नये. तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन बदलल्या की ती सुलटी फिरते. मग उड्डाण-नियंत्रक, त्याची आज्ञावली विनामूल्य मिळते. बॅटरी मात्र सर्वांत शेवटी, कारण लिथियमची बॅटरी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते.

दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. घरात चाचणी घेताना पंखे काढून ठेवावेत. बोटापेक्षा मोटार महाग नाही. फुगलेली बॅटरी वापरू नये, आणि चार्जिंग चालू असताना घराबाहेर जाऊ नये.

कायद्याचेही भान हवे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार दोन किलोपर्यंतचे यान छंदासाठी उडवण्यास वैमानिकाचा परवाना लागत नाही. पण निषिद्ध क्षेत्र सर्वांनाच निषिद्ध आहे. दमदमचा विमानतळ आणि नदीपलीकडचा फोर्ट विल्यम, ज्याला आता विजयदुर्ग हे आपल्या ओळखीचे नाव मिळाले आहे, आपल्यापासून दूर नाहीत. म्हणून नोंदणीचे नियम व सरकारी नकाशा पाहूनच मैदान निवडावे. पतंगांच्या दिवसांत तर यान घरीच ठेवावे. मांजा पंख्यात गुंतला की महिन्यांची मेहनत क्षणात खाली येते.

कांदिवलीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी वर्षानुवर्षे खपून सहा आसनी विमान बांधले. 2016 साली ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले आणि 2017 साली त्याची नोंदणी झाली. आपले यान त्यापुढे चिमणीएवढे; परंतु थेंबे थेंबे तळे साचे, हा न्याय दोन्हींना सारखाच.

म्हणून मंडळापुढे आमची एक सूचना आहे. एक रिमोट, एक चार्जर आणि सोल्डरिंगचे एक साहित्य मंडळाच्या खोलीत सामाईक असावे. बाकीचे भाग प्रत्येक घराने सवडीने जमवावेत. पन्नास वर्षांपूर्वी वडीलधाऱ्यांनी वर्गणीतूनच हे मंडळ उभारले. एकट्याच्या खिशाला जड वाटणारी वस्तू चौघांत हलकी होते, हे परमुलखात राहणाऱ्या आपणांस कोणी वेगळे सांगायला नको.