पोळ्याचा दुसरा दिवस
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आभार मानण्याचा सण माणसाला रोजची कृतज्ञता शिकवतो काय, या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी आपली आज्ञा झाली. मी विद्वान नाही; एका नालबंदाचा मुलगा आहे. तेव्हा सुरुवात बैलापासून करतो, कारण आमच्या घरची भाकर बैलाच्या खुराखालून येत होती.

श्रावणी अमावास्येला आपल्या खानदेशात पोळा येतो. पेरणी, वखरणी, कोळपणी करून बैल थकलेले असतात आणि कपाशी, ज्वारी रानात उभी असते. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. गिरणेवर, पांझरेवर किंवा गावच्या नाल्यावर त्याला न्हाऊ घालतात. शिंगे रंगवतात, पाठीवर झूल आणि गळ्यात घुंगूरमाळा घालतात, आणि घरच्या माणसांआधी त्याला पुरणाचा घास देतात. ही सर्व शोभा आपण पाहिलेली आहे. परंतु पोळ्याच्या आदल्या दिवशी एक गोष्ट होते, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. तिला खांदेमळणी म्हणतात. ज्या खांद्यावर वर्षभर जू घासले, तो खांदा तूप किंवा लोणी व हळद लावून हाताने चोळतात. सणाचे मर्म मला या खांदेमळणीत दिसते. शिंगे लांबूनही दिसतात. खांदा दुखतो की नाही हे हात लावल्यावाचून कळत नाही.

माझे वडील आठवड्याच्या बाजारात बैलांना पत्र्या ठोकीत. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात. पोळ्याची पूजा आमच्या घरी नव्हती, पण त्या दिवशी शेतकऱ्यांच्या घरून खापरावरचे मांडे येत आणि आम्ही पोरे वाट पाहत बसत असू. एका वर्षी पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी बाजार होता. एक शेतकरी बैल घेऊन आला. शिंगांचा तांबडा रंग अजून चकाकत होता. अब्बांची सवय अशी, की खूर हातात घेण्याआधी ते बैलाच्या मानेवरून हात फिरवीत. हात फिरला आणि बैल थरथरला. जुवाखाली जखम होती, आणि हा बैल आजच गाडीला जुंपून आणलेला! अब्बा म्हणाले, "भाऊ, पत्र्या आज ठोकत नाही. आधी खांदा भरू द्या." शेतकरी रागावला. दुसरा नालबंद पाहतो म्हणाला व निघून गेला. त्या दिवशी आमची कमाई बुडाली, आणि घरी अम्मीनेही अब्बांना दोन शब्द सुनावले. पंधरा दिवसांनी तोच शेतकरी तोच बैल घेऊन आला. अब्बांनी पुन्हा आधी खांद्यावरून हात फिरवला, मग खूर हातात घेतला.

मित्रहो, सणाची परीक्षा सणाच्या दिवशी होत नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी होते.

आपल्या ईदकडेही याच नजरेने पाहा. ईद-उल-फित्र हा शुक्राचा दिवस आहे. रोज्यांची गिनती पूर्ण करा, अल्लाहची थोरवी गा आणि शुक्रगुजार व्हा, असा कुराणे शरीफच्या सूरह बकरामधील आदेशाचा आशय आहे. तो शुक्र कसा सुरू होतो? फितरा ईदच्या नमाजाआधी द्यावा लागतो, आणि तो घरातल्या लहान मुलांच्या नावानेही काढावा लागतो. म्हणजे घरातली तोंडे मोजताना गल्लीतले उपाशी तोंड आठवावेच लागते. खांदेमळणी जसा शेतकऱ्याचा हात दुखऱ्या जागी नेते, तसाच फितरा आपला हात नेतो. जो माणसांचे आभार मानीत नाही तो अल्लाहचेही मानीत नाही, या अर्थाची हदीस आपल्याला ठाऊक आहे. तिच्यात वर्षातला एकच दिवस नेमून दिलेला नाही.

दुसरीकडेही असे दिवस आहेत. तामिळनाडूत पोंगलच्या दुसऱ्या दिवशी गुराढोरांचा मट्टू पोंगल असतो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभाराचा दिवस पाळतात. १८६३ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना, अध्यक्ष लिंकन यांनी तो देशभर पाळण्याचे आवाहन केले होते. आणि आपल्या जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तर आपल्या अंगणातल्याच. त्यांना अक्षरओळख नव्हती. १९५१ साली त्या गेल्या, आणि १९५२ साली त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पोळ्यावर त्यांची कविता आहे, आणि तीत त्या शेतकऱ्याला बैलाच्या ऋणाची आठवण देतात. ऋण एका दिवसात फिटत नाही, हे त्या शेतकरी बाईला पुस्तकाविना उमगले होते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. नाहीतर हे भाषण नुसता उपदेश ठरेल. मी एका गावी शिक्षक होतो. शाळेत एक बाई सकाळी झाडलोट करून पाण्याचे माठ भरीत. दरवर्षी शिक्षकदिनाला मुले मला फुले देत आणि मी कृतज्ञतेवर भाषण करी. एका पावसाळ्यात दोन दिवस माठ कोरडे राहिले, तेव्हा आम्ही विचारले, "बाई कुठे गेल्या?" सहा वर्षे मी त्यांच्या हातचे पाणी प्यालो होतो, पण त्यांचे घर मला ठाऊक नव्हते. शोधत गेलो. तापाने फणफणलेल्या त्या बाईने मला पाहताच विचारले, "गुरुजी, पोरांना पाणी कोणी भरलं?" मला उत्तर देता आले नाही. बैलाच्या मानेवर आधी हात ठेवणाऱ्या बापाचा मी मुलगा, आणि सहा वर्षांत मला तो खांदा दिसला नव्हता!

आज गावोगाव ट्रॅक्टर आले आहेत. बैलजोड्या कमी झाल्या, नालबंदाचा धंदा जवळजवळ बसला, आणि ज्यांच्या दारी बैल नाही ते मातीचा बैल मांडून पोळा करतात. पण भार वाहणारे खांदे संपलेले नाहीत. रावेर-यावलच्या बागांतून केळीचे घड वाहणारे मजूर आहेत, उन्हात कापूस वेचणाऱ्या बाया आहेत, धुळ्याच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारे कारागीर आहेत. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या फीसाठी ईदचे स्वतःचे कपडे न शिवणारी आई तुमच्याच घरात आहे.

म्हणून वाचकहो आणि श्रोतेहो, सण थाटाने करा. पण त्यातली एक कृती दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा. ज्याच्या श्रमावर आपला दिवस उभा राहतो, त्याचे नाव आणि घर माहीत करून घ्या. त्याची मजुरी वेळेवर द्या. आपण जेवण्याआधी त्याने खाल्ले काय, हे विचारा. याला पैसा फार लागत नाही, हात मात्र पुढे करावा लागतो.

ती बाई बरी होऊन परत आली, त्या दिवशी सकाळचे माठ मुलांनी आणि मी मिळून भरून ठेवले होते. पुढे त्या शाळेत असेपर्यंत दर शनिवारी आम्ही ते भरीत राहिलो. त्याहून मोठे काही मला साधले नाही.