पिस्तुलाचा नेम

मंडळाच्या मुलुंड येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवानंतर खेळांविषयी कोणीतरी चार शब्द बोलावेत, असा आपल्या संमेलनाचा प्रघात आहे. यंदा ते काम आमच्याकडे आले आणि विषयही कार्यकारिणीनेच नेमून दिला. कारण उघड आहे. शिक्षणनिधीतून समाजातील मुलामुलींसाठी एक हवाई पिस्तूल विकत घ्यावे, हा ठराव उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. आम्ही ठरावाच्या बाजूचे आहोत, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु ज्या विद्येसाठी पैसा मागावयाचा, तिचे स्वरूप तरी सभासदांस ठाऊक असावे, म्हणून हा प्रपंच.

नेमबाजीचे नाव निघाले की वक्ते द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची कथा सांगतात. अर्जुनास झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही, पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला. कथा थोर खरी. पण पिस्तूल शिकू पाहणाऱ्या मुलास ती हटकून चकविते. पिस्तुलाचा गुरू याच्या नेमके उलट सांगतो : लक्ष्याकडे पाहू नकोस, माशीकडे पाहा. नळीच्या टोकाशी असते ती माशी आणि डोळ्याच्या बाजूस असते ती खाच. माशी खाचेच्या बरोबर मधोमध, दोहींचे माथे एका रेषेत आणि दोन्ही बाजूंस प्रकाशाच्या सारख्या फटी, एवढेच डोळ्यास स्वच्छ दिसावयास हवे. पलीकडचे काळे वर्तुळ धूसर दिसले तरी चालते. नव्हे, ते धूसरच दिसले पाहिजे.

यामागे साधे गणित आहे. हवाई पिस्तुलाचे लक्ष्य 10 मीटरांवर असते आणि त्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. सबंध हात एक मिलिमीटर सरकला, तर छर्राही एक मिलिमीटरच सरकतो आणि दहा गुण दहाच राहतात. परंतु माशी खाचेतून एक मिलिमीटर ढळली, तर त्या दोहोंमधील अंतर तीस-बत्तीस सेंटिमीटरांचेच असल्यामुळे लक्ष्यावर ती चूक सुमारे तीन सेंटिमीटरांची होते आणि पदरात सात गुण पडतात. हात हा हलणारच. एका हाताने सुमारे किलोभर वजनाचे पिस्तूल ताठ धरावयाचे, असा नियमच आहे. हाताच्या थरथरीशी झगडणारा मुलगा खाच-माशी विसरतो. थरथर सोसणारा शिकतो.

चापाचेही तेच. त्यावर निदान अर्धा किलो भार असावा लागतो. काळे वर्तुळ माशीच्या डोक्यावर नीट बसले की नवशिक्यास वाटते, आता ओढावे. आणि तो ओढतो. त्या ओढण्यानेच मनगट मोडते. दाब हळूहळू, अखंड वाढत जावा आणि बार नेमका कोणत्या क्षणी झाला हे स्वतःसच ऐनवेळी कळावे. सात-आठ सेकंदांत तसे घडले नाही तर हात खाली घ्यावा. हे हात खाली घेणे आम्हांस या विद्येतील सर्वांत अवघड कलम वाटते, कारण तेथे हाताचा नव्हे, हट्टाचा प्रश्न असतो. साठ बारांसाठी 75 मिनिटे मिळतात. घाई कोणी लावलेली नसते.

आता मनाविषयी. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धांत पालेंबांग येथे 25 मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले. त्यापूर्वी कोपराच्या दुखापतीने त्यांस दीर्घकाळ सतावले होते. प्राथमिक फेरीत त्या 580 गुणांनी सातव्या होत्या. 593 गुणांनी पहिली आली होती मनू भाकर. अंतिम फेरीत मागील गुण पुसले जातात. राही आणि थायलंडची प्रतिस्पर्धी दोघींचे 34 नेम लागले. पाच बारांची जादा फेरी झाली, तीही 4-4 अशी सुटली. दुसऱ्या जादा फेरीत राही 3-2 ने सरस ठरल्या. सातवा क्रमांक ज्यांनी मनात बाळगला नाही, त्यांसच असा शेवट साधतो. त्या दिवशी सहाव्या आलेल्या मनूचे पिस्तूल 2021 साली टोकियोत ऐन प्राथमिक फेरीत बिघडले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिनेच 2024 साली पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके घेतली.

आमच्या समाजात मूल परीक्षेहून परतले की उंबऱ्यावरच विचारतात, किती गुण पडतील? रेंजवरून परतलेल्या मुलासही हाच प्रश्न आम्ही ऐकतो. पालकांस आमची विनंती आहे की, वर्षभर तो विचारू नये. गुणांची बेरीज मनात चालू झाली की दृष्टी माशीवरून लक्ष्याकडे धावते आणि पुढचा बार बिघडतो. विचारावयाचेच तर, आज किती वेळा हात खाली घेतलास, असे विचारावे.

मुंबईत नेमबाजी म्हटली की वरळीच्या रेंजचे नाव येते. अंजली भागवत यांनी तेथेच रायफलीचे धडे घेतले आणि 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. परंतु बोरिवलीहून किंवा घाटकोपरहून लोकलच्या गर्दीत तेथे रोज जाणे शाळकरी मुलास कसे जमावे? सुदैवाने या विद्येचा मोठा भाग छर्ऱ्याविना शिकता येतो. कोऱ्या भिंतीसमोर उभे राहावे, भिंतीवर लक्ष्यही नसावे, आणि माशी न हलविता चाप दाबावा. गुण मोजावयास तेथे काहीच नसते, हाच त्याचा लाभ. मात्र पिस्तूल रिकामे असल्याची खात्री वडीलधाऱ्याने प्रत्येक वेळी करावी आणि नळी कोणाही माणसाकडे कधीही वळू नये. या बाबतीत आम्ही सवलत देणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, पिस्तूल मंडळाच्या कपाटात कुलपात राहावे, छर्रे पहिले तीन महिने आणूच नयेत आणि सकाळी 6 ते 8 या वेळात रिकामे असणारे हे सभागृह मुलांस द्यावे. अडचण एकच आहे. येथील एकमेव लांब भिंतीवर माजी अध्यक्षांच्या अकरा तसबिरी आहेत आणि त्यांच्याकडे नळी रोखणे बरे दिसणार नाही. त्या समोरच्या भिंतीवर हलविण्यास कार्यकारिणीची हरकत नसावी. शिडी आणि खिळे आम्ही घेऊन येऊ.