‘मुळातच’ या शब्दाखालची रेघ



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या सरांच्या हाताखाली उमेदवारी करीत असताना मी एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘मुळातच बुद्धी बेताची’ असा शेरा लिहिला होता. पुस्तक सरांच्या सहीसाठी गेले आणि सहीविनाच परत आले. ‘मुळातच’ या शब्दाखाली तांबड्या शाईची रेघ होती. सर त्याविषयी कधी बोलले नाहीत. आजचे व्याख्यान म्हणजे त्या रेघेला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

‘खाण तशी माती’ या समजुतीवर शास्त्राची झूल चढवली ती इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने. १८६९ च्या ग्रंथात त्याने नामवंतांच्या वंशावळी मांडून प्रतिभा वंशपरंपरेने येते असा निष्कर्ष काढला. न्यायाधीशाच्या मुलाला रक्ताबरोबर ग्रंथसंग्रह, ओळखीपाळखी आणि फुरसतही वारशाने मिळते, हे त्याने फारसे मनावर घेतले नाही. पुढे १९०५ मध्ये पॅरिस येथे आल्फ्रेड बिने यांनी सिमोन यांच्या साहाय्याने बुद्धिमापनाची कसोटी रचली, ती मागे पडणारी मुले ओळखून त्यांना साहाय्य देता यावे म्हणून. बुद्धी ही कायमची ठरलेली राशी आहे, या मताला त्यांचा विरोध होता. कसोटी जगभर गेली. विरोध मात्र पॅरिसलाच राहिला.

जुळ्यांच्या अभ्यासाने प्रश्नाला धार आली. समरूप जुळ्यांचे बुद्ध्यंक इतर जुळ्यांपेक्षा एकमेकांच्या अधिक जवळ असतात. अशा अनेक अभ्यासांवरून बुद्ध्यंकांतील फरकांपैकी साधारण निम्मा वाटा आनुवंशिक फरकांशी निगडित दिसतो. बालपणी कमी, प्रौढपणी अधिक. (सिरिल बर्ट यांची आकडेवारी मी यात धरत नाही. जुळ्यांच्या जोड्या २१ वरून ५३ झाल्या तरी त्यांचा सहसंबंध ०.७७१ वरून हलला नाही, हे लिऑन कामिन यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले.) मात्र ‘निम्मा’ हा आकडा समूहातील फरकांविषयी आहे. एखाद्या मुलाची निम्मी बुद्धी आईबापांनी दिली आणि निम्मी शाळेने, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

मग ती जनुके कोणती? १९९८ मध्ये रॉबर्ट प्लोमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकाकडे बोट दाखवले. अतिशय बुद्धिमान मुलांत त्याचे एक रूप अधिक आढळले होते. बराच गाजावाजा झाला. २००२ मध्ये त्याच संशोधकांनी, मोठ्या नमुन्यात हा संबंध आढळत नाही, असे प्रसिद्ध केले. स्वतःच्या शोधाविरुद्ध स्वतःच साक्ष देण्याचा हा प्रसंग मला त्या शोधाहून मोठा वाटतो.

एकेका जनुकाचा परिणाम इतका सूक्ष्म की शे-दोनशे मुलांत तो दिसणे शक्यच नव्हते. २०१३ मध्ये १,२६,५५९ व्यक्तींची तपासणी झाली. बुद्ध्यंकाऐवजी शिक्षणाची वर्षे मोजली गेली. खात्रीच्या जागा सापडल्या तीन, आणि प्रत्येकीचा परिणाम सुमारे एका महिन्याच्या शिक्षणाएवढा! २०२२ मध्ये ३० लाख व्यक्तींवरून ३,९५२ जागा निश्चित झाल्या. तरीही जनुकांवरून बांधलेल्या अंदाजात शिक्षणातील फरकांपैकी १२ ते १६ टक्केच उलगडतात. शिवाय ही माणसे युरोपीय वंशाची. इतर समाजांत हे भाकीत फारच दुबळे ठरते. लाळेच्या थेंबावरून आपल्या मुलाचे भवितव्य सांगणारा कोणी भेटला, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा.

आइसलँडमधील २०१८ चे संशोधन मला सर्वांत विलक्षण वाटते. आईबापांच्या जनुकांपैकी निम्मीच मुलाकडे येतात. उरलेली, म्हणजे मुलाच्या शरीरात नसलेली जनुके तपासली, तेव्हा त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध आढळला. मुलाकडे आलेल्या जनुकांच्या मानाने सुमारे तीस टक्के. शरीरात नसलेले जनुक काम कसे करील? आईबापांना घडवून, आणि त्यांनी उभारलेल्या घरातून. जनुकांचा म्हणून जो परिणाम आपण मोजत होतो, त्यात घराचा वाटा असा लपलेला होता.

आणि जेथे एकच जनुक बुद्धीवर खरोखर घाला घालते, तेथे काय घडले? १९३४ मध्ये नॉर्वेतील एका आईने आपली दोन मतिमंद मुले आस्ब्यॉर्न फोलिंग या डॉक्टरांकडे नेली. मुलांना विशिष्ट वास येतो, एवढाच तिच्याजवळचा धागा होता. फोलिंग यांनी लघवी तपासली आणि प्रथिनांतील फिनिलअ‍ॅलनिन या घटकाचे पचन होत नसल्याने होणारा आनुवंशिक विकार उघडकीस आला. १९५३ मध्ये हा घटक कमी केलेल्या आहाराचा उपयोग सिद्ध झाला. पुढील दशकात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून विकार ओळखता येऊ लागला. आज ज्या बाळावर वेळीच उपचार सुरू होतात, ते इतरांसारखे शाळेत जाते. जनुक तेच, सदोषच राहते.

नॉर्वेतील त्या दोन मुलांना याचा लाभ मिळाला नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, याची चौकशी मी केली नाही. प्रगतिपुस्तकावर मात्र दुसऱ्या दिवशी नवा शेरा लिहिला, ‘गणितात मदत हवी’, आणि त्याखाली सरांची सही मिळाली.