जायफळाची बेटे आणि शीवचा किल्ला

पुरणात आपण किसून घालतो ते जायफळ एके काळी साऱ्या जगात एकाच ठिकाणी पिकायचे: इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर (सावंतवाडीजवळचा आपला बांदा वेगळा). पिवळे फळ उकलले की आत काळसर बी आणि तिला बिलगलेली लालभडक जाळी दिसते. ती जायपत्री. या बागा, तो समुद्र आणि शेजारचा ज्वालामुखी पाहायला आता पर्यटक जातात. मुंबईकराने मात्र तिकडे निघण्याआधी शीवच्या टेकडीवरचा किल्ला पाहावा, असा माझा आग्रह आहे.

ईस्ट इंडिया कंपनी 1600 साली निघाली ती मसाल्यासाठी. बांदा बेटांपैकी रुनवर तिने पाय रोवले, पण डचांनी टिकू दिले नाही. 1667च्या ब्रेडाच्या तहात रुन डचांना आणि मॅनहटन इंग्रजांना मिळाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट सालीना 10 पौंडांवर कंपनीला दिले आणि 1669 ते 1677च्या दरम्यान शीवचा किल्ला उभा राहिला. शीव म्हणजे हद्द: अलीकडे कंपनीची मुंबई, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. कुणी म्हणेल, मुंबई तर राजाला लग्नात आंदण मिळाली, आणि ती वाढली कापसावर, अफूवर. दोन्ही खरेच. रुनच्या बदल्यात मुंबई मिळाली, असे मीही म्हणत नाही. पण मसाल्याच्या बेटांवर हरलेल्या कंपनीनेच पुढे आपल्या किनाऱ्यावर बस्तान बसवले, हे विसरून चालणार नाही.

सुट्टीत इतिहासाचे ओझे कशाला, असाही आक्षेप येईल. तो मला पटत नाही, कारण बांदा बेटांचा निसर्गच इतिहासाने घडवला आहे. 1621 साली डच गव्हर्नर कूनने बांदा जिंकले तेव्हा मूळ रहिवाशांपैकी बहुतेक मारले गेले, परागंदा झाले किंवा गुलाम झाले. उंच कनारी वृक्षांच्या सावलीतल्या त्या बागा नंतर गुलामांकडून राखून घेतल्या. मुंबईतही सत्ता बदलत गेल्या, पण कोळी इथेच राहिले. फाळणीनंतर शीवला निर्वासित पंजाबी येऊन वसले, तिथल्या कोळीवाडा स्थानकाला गुरू तेग बहादूर नगर हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी अजून कोळीवाडाच आहे. बांदा बेटांची मूळ भाषा ऐकायची तर मात्र पुढे काई बेटांवर जावे लागते. पळून गेलेल्यांचे वंशज ती तिथे बोलतात.