पट्टी आपल्या मापाची

गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, शेळ्या, शिलाई यावर बोलतो. आज बोलू आपल्या गुडघ्यांवर, आणि गुडघ्यांसाठी लागणाऱ्या एका साध्या वस्तूवर.

गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात गेलं की फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायाम शिकवणारे, पायाला वजनाची पट्टी बांधायला सांगतात. खुर्चीवर बसायचं, पाय समोर सरळ करायचा, पाचपर्यंत मोजायचं, हळूच खाली आणायचा. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याला आधार मिळतो. बाई पट्टी विकत आणते, आठ दिवस नेमानं करते. मग पट्टी कॉटखाली जाते आणि घरातले म्हणतात, "हिलाच कंटाळा."

आमच्या गटात आम्ही या कॉटखालच्या पट्ट्या बैठकीला आणायला सांगितल्या आणि विचारलं, का सोडलं? कंटाळा आला असं एकीनंही सांगितलं नाही. एक म्हणाली, पैंजणात अडकते. दुसरी म्हणाली, घामानं खाज सुटते. तिसरीची वाळू एका बाजूला गोळा होऊन हाडावर बसायची. चौथीची पट्टी मनगटाची होती. ती बांगड्यांवर बसायची. "काच फुटली तर हातात घुसेल, आणि बांगड्या तर मी काढणार नाही," ती म्हणाली. एक काकू म्हणाल्या, "काळंकुट्ट आहे ते. पाहुणे आले की लपवते, आणि लपवलं की विसरते."

म्हणजे बाईत खोट नव्हती. ती पट्टी करताना साडी, पैंजण, बांगड्या घालणाऱ्या बाईचा विचारच झालेला नव्हता.

व्यायामाच्या साधनांची ही कथा जुनी आहे. ट्रेडमिल आपण टीव्हीवर पाहतो. हे नाव आलं तुरुंगातून. १८१८ साली इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट या अभियंत्यानं कैद्यांसाठी पायानं फिरवायचं मोठं चाक काढलं. त्यावर तासन्‌तास चढत राहणं ही शिक्षा होती. उलट आपल्या आज्यांची साधनं बघा. जात्याचा खुंटा हाताला गुळगुळीत लागायचा. ताकाची रवी छान कातलेली असायची. रोज हातात घ्यायची वस्तू हाताला बरी वाटावी, डोळ्याला बरी दिसावी, हे त्यांना ठाऊक होतं.

कुणी विचारेल, आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला? राबण्यानं अंग थकतं, पण खुरपताना आपण तासन्‌तास वाकलेल्या, नाहीतर उकिडव्या असतो. गुडघ्यावर ताण येतो, त्याला सावरणारा स्नायू मात्र हवा तसा तयार होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं, की मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. पासष्टीपुढच्यांनी तोल सावरण्याचा आणि ताकदीचा व्यायाम ३ दिवस करावा. २०२३ पासून आपल्याला एसटीचं तिकीट अर्धं झालं, पण एसटीची पायरी आहे तेवढीच उंच आहे. ती चढता आली नाही, तर लेकीकडे जाणंही दुसऱ्याच्या हातात राहतं.

म्हणून आमच्या शिलाईवाल्या मैत्रिणींनी पट्टी नव्यानं बेतली. लिहून घ्या.

आतली पिशवी जुन्या जीन्सची किंवा जाड मांजरपाटाची. शिवून झाल्यावर ८ इंच लांब, ६ इंच रुंद. त्यात उभ्या शिलाईनं ४ कप्पे पाडा, म्हणजे वाळू एका जागी गोळा होत नाही. वाळू धुऊन, कडक उन्हात वाळवून, बारीक चाळणीनं चाळा. दुकानातल्या काट्यावर मोजून प्रत्येक कप्प्यात १२५ ग्रॅम भरा. झाली अर्धा किलोची पट्टी. तोंड दुहेरी शिवा, नाहीतर वाळू गळेल.

वरून अभ्रा घाला, उशीला घालतो तसा, काढून धुता येईल असा. पायाला लागणारी बाजू जुन्या सुती साडीची, दोन-तीन पदरी. दिसणारी बाजू खणाची किंवा इरकलीच्या काठाची. रंग जिचा तिनं निवडावा. बांधायला नाडी नको, ती रुतते. दोन बोटं रुंदीचं वेल्क्रो लावा. पट्टी पैंजणाच्या वर, पोटरीच्या खाली बसली पाहिजे.

हातासाठी लहान पिशवी करा आणि पट्टा पंज्याच्या पाठीवरून घ्या. वजन तळहातात राहतं, मनगट मोकळं, बांगड्या सुरक्षित.

आता काळजी. पहिला आठवडा पट्टीशिवाय करा. मग वजन बांधून एकेका पायानं १० वेळा. श्वास रोखू नका. पट्टी आवळू नका, खाली एक बोट शिरलं पाहिजे. मधुमेहानं पाय बधिर असतील तर पट्टी काढल्यावर कातडी रोज बघा. गुडघा सुजला, गरम लागला, किंवा ऑपरेशन झालेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. वजन किती आणि कधी वाढवायचं, तेही त्यांनाच विचारा.

आमच्याकडे या पट्ट्या आता बाहेरच्या खोलीत खुंटीला असतात. दिसतात, म्हणून आठवतात. त्या काकू तर आल्या-गेल्याला दाखवतात, "हा काठ माझ्या लग्नातल्या साडीचा."

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक जुनी साडी आणा आणि घरात पडून असलेलं व्यायामाचं साधनही आणा. ते का सोडलं हे मोकळेपणानं सांगा. कुठं टोचतं, कुठं अडकतं, कशाची लाज वाटते, हे कळलं की कात्री कुठं लावायची ते आपल्याला कळतं. शिवायला तर आपल्याला येतंच.

गुडघे सांभाळा.