वाद्याची मान आणि घडवणारा हात



हमाली, तोलाई आणि माथाडी कायदा यांवर बोलणारा माणूस आज विजेच्या गिटारच्या मानेविषयी बोलणार, हे पत्रकात वाचून काहींना नवल वाटले असेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि सुतार-लोहारांच्या ओट्यावर. त्या ओट्यावर मी एक गोष्ट शिकलो, ती अशी की कोणत्याही हत्याराचा खरा विचार त्याच्या दांड्यापासून सुरू करावा. गिटार हेही हातात धरायचे हत्यारच आहे, आणि तिची मान हा तिचा दांडा आहे. एवढ्या अधिकारावर मी आपल्यापुढे उभा आहे.

आपल्या हिंगोली-कळमनुरीकडचा शेतकरी कुऱ्हाडीला दांडा घालताना काय पाहतो? लाकूड चिवट आहे की नाही, हातात बसते की नाही, आणि पात्याच्या वजनाला तोलते की नाही. धावड्याचा दांडा घाव झेलतो, म्हणून तो धावडा शोधतो. पण त्याच धावड्याचा वाकड्या रेषेचा तुकडा तो बाजूला टाकतो. म्हणजे झाडाचे नाव ही पहिली चाचणी झाली, शेवटची नव्हे. गिटारच्या मानेविषयी जगभर जो वाद चालतो, त्याचे मर्म या कुऱ्हाडीच्या दांड्यात आहे.

गिटारच्या मानेला काय सोसावे लागते ते आधी पाहू. सहा पोलादी तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण साधारण ४५ किलोपर्यंत जातो. आपल्या हळद बाजारातले पोते ५० किलोचे. हमाल ते पाठीवर घेतो आणि थप्पीवर टाकून मोकळा होतो. गिटारची मान जवळजवळ तेवढा ताण दिवसरात्र, वर्षानुवर्षे सोसते. तारांचा ओढा तिला पुढे वाकवू पाहतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते सरकवता येतात. गिटारच्या धातूच्या पट्ट्या लाकडात ठोकून बसवलेल्या असतात. तिथे मान केसभर वाकली तरी तार पट्टीवर घासून खरखरते, नाही तर इतकी वर उचलली जाते की दाबताना बोटे दुखतात. म्हणून मानेच्या पोटात पोलादी सळई घालतात आणि ती पिळून बाक काढतात. ही युक्ती अमेरिकेतल्या गिब्सन कारखान्यात १९२० च्या दशकात रुळली. लाकूड ओलाव्याने आडवे फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. श्रावणातली मान आणि वैशाखातली मान एकच नसते, हे दाराच्या चौकटीवरून आपल्याला ठाऊक आहेच.

आता लाकडे पाहू. १९५० साली लिओ फेंडर यांनी जी सपाट, भरीव धडाची गिटार बाजारात आणली, तिची मान मेपल या अमेरिकन लाकडाची होती आणि ती चार स्क्रूंनी धडाला बसवलेली होती. १९५२ साली गिब्सनने लेस पॉल या वादकाच्या नावाची गिटार काढली. तिची मान मॅहॉगनीची होती आणि धडाला कायमची चिकटवलेली होती. मेपल एका घनमीटरला सुमारे ७०० किलो भरते, मॅहॉगनी सुमारे ६०० किलो. दोन्हींवर बोटांखालची पातळ पट्टी पुष्कळदा आपल्या भारतीय शिसवीची असते. ती ८०० किलोंच्या वर जाते. दुसरी पट्टी आबनूसाची. आबनूस हा आपल्या टेंभुर्णीचा गोतावळाच; जिच्या पानांत विडी वळतात तीच टेंभुर्णी.

पहिला प्रश्न हाताचा. मेपलची पट्टी उघडी ठेवली तर घामाने काळी पडते, म्हणून तिच्यावर चकचकीत लेप देतात. शिसवीत अंगचे तेल असते, ती तशीच वापरता येते. बोटाला हा फरक पहिल्या क्षणी कळतो. परंतु तळहाताला जे सुख किंवा दुःख होते ते लाकडाच्या जातीने फारसे होत नाही. ते होते मानेच्या जाडीने, पाठीच्या गोलाईने आणि लेप चिकटतो की सरकतो याने. हे सारे कानशीवरचा हात ठरवतो.

दुसरा प्रश्न तोलाचा. आपल्याकडे सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याचा माणूस ती गळ्यात घालून उभा राहतो आणि पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात देतो. नर्सीच्या नामदेवांच्या या मुलखात हे मी कुणाला सांगायला नको. ज्याने वीणेचा पहारा केला आहे त्याला विचारा, वीणा एका बाजूला झुकत असेल तर खांद्याचे काय होते. गिटारही पट्ट्याने गळ्यात अडकवतात. १९६१ साली गिब्सनने धड पातळ केलेली नवी गिटार आणली, पुढे ती एसजी नावाने ओळखली गेली. दिसायला देखणी, हाताला हलकी. परंतु धड हलके झाल्यामुळे मान जड ठरली, आणि वादकाने हात सोडला की डोके जमिनीकडे जाऊ लागते, अशी तक्रार वादक आजही करतात. मग डावा हात सूर दाबण्याऐवजी ओझे उचलत बसतो. इथे लाकडाचे वजन खरोखर महत्त्वाचे, पण एकट्या मानेचे नव्हे. मान, खुंट्या, धड आणि पट्टा कुठे अडकवला, या सर्वांचा तो हिशेब आहे.

तिसरा आणि सर्वांत भांडणाचा प्रश्न आवाजाचा. विजेच्या गिटारचा आवाज लाकडाच्या पोकळीतून येत नाही. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज उठते, आणि तीच पुढे मोठी करून ऐकवतात. लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास चार इंच जाडीच्या साध्या पाइनच्या ओंडक्यावर तारा ताणून हे करून दाखवले. त्या वाद्याचे नावच 'ओंडका' पडले.

मग लाकडाचे काहीच काम नाही काय? आहे. तार जिथे टेकते तो आधार स्वतः थरथरला तर तारेची शक्ती खातो. मानेला स्वतःचे कंप असतात. एखाद्या सुराची गती त्या कंपाशी जुळली की तो सूर इतरांच्या आधी विझतो. अशा जागांना 'मेलेल्या जागा' म्हणतात. जर्मनीतल्या हेल्मुट फ्लायशर यांनी १९९० च्या दशकात मोजमापे घेऊन हे दाखवले. मानेच्या टोकाला थोडे वजन अडकवले तर मेलेली जागा सरकते. म्हणजे मानेचा ताठरपणा आणि वजन आवाजात उतरते, पण ते सूर किती काळ टिकतो यात. 'मेपल म्हणजे खणखणीत, मॅहॉगनी म्हणजे गोड' असे दुकानात जे सांगतात त्यात थोडे तथ्य आणि पुष्कळ विक्री असते. एकाच मेपलच्या बुंध्याची फळी आणि शेंड्याची फळी सारखी निघत नाही.

साध्या, पोकळ धडाच्या गिटारवरही असा एक प्रयोग झाला आहे. तो मानेचा नव्हता, पाठीच्या लाकडाचा होता. तरी सांगण्याजोगा आहे. इंग्लंडमधल्या संशोधकांनी बाकी सर्व बाबतींत सारख्या, फक्त पाठ आणि कडा वेगळ्या लाकडांच्या, अशा सहा गिटारी करवून घेतल्या आणि ५२ वादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवून त्यांना वाजवायला दिल्या. २०१८ साली निष्कर्ष छापून आला. महाग लाकूड आणि स्वस्त लाकूड यांच्या पसंतीत सांगण्याजोगा फरक पडला नाही.

गिटारचा कारखाना आपल्याकडे नाही. पण दांडी घडवणाऱ्यांचे गाव महाराष्ट्रात आहे, ते म्हणजे मिरज. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यांचे काम उचलले. फरीदसाहेब हे त्यांतले मूळपुरुष मानले जातात. सतारीची आणि तंबोऱ्याची दांडी तिथे तुणीच्या लाकडाची करतात, भोपळा येतो मंगळवेढ्याच्या बाजूने. तूण हलकी, घनमीटरला साधारण ५०० किलो. आत सळई नाही, उलट दांडी आतून पोकळ कोरतात. तिथे लाकूड स्वतः बोलते, म्हणून लाकडाचा वाटा गिटारपेक्षा मोठा. तरीही मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ती तुणीची नाही. तूण दुसरीकडेही मिळते. फळी किती मुरू द्यायची, कुठे किती पातळ कोरायची, आणि शेवटी जवारी कशी काढायची, ही कीर्ती त्या हातांची आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या वसमतच्या हळदीलाही ते त्याच वर्षी मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन गावाचे नाव राखते. दांडी कोरणाऱ्याची रोजी आणि हळद उकडणाऱ्या बाईची मजुरी ते आपोआप वाढवीत नाही. ते काम आपले आहे.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. २०११ साली अमेरिकन सरकारने गिब्सनच्या कारखान्यांवर छापा घालून भारतातून आलेल्या शिसवीच्या आणि आबनूसाच्या पट्ट्या जप्त केल्या. वाद असा की हे चिरलेले लाकूड मानायचे, ज्याच्या निर्यातीवर भारतात बंदी आहे, की वाद्याचा तयार भाग? २०१२ साली तडजोड झाली. मादागास्करच्या आबनूसाचे जुने प्रकरणही तीत होते. कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला आणि भारतीय माल तिला परत मिळाला. पुढे २०१७ साली शिसवीच्या साऱ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, आणि २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. हे सारे वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न होता. लाकूड आपल्या रानातले, तर ते रंधण्याचे, घोटण्याचे काम कुणाच्या हाताला मिळावे? कच्चे लाकूड जाणार आणि मोल दुसरीकडे चढणार, की वस्तू इथे घडून तिचे मोल इथल्या कारागिराच्या घरी येणार? निर्यातबंदीचा अर्थ कामगाराने असाच लावला पाहिजे.

आणि त्या हाताला काम मिळाले तरी त्याचा श्वासही राहिला पाहिजे. शिसवीची भुकटी अंगाला खाज आणते, कित्येकांना दम लावते. लाकडाची बारीक धूळ कर्करोगास कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच नोंदवले आहे. धूळ ओढून घेणारा पंखा आणि नाकावरचा मुखवटा ही मालकाची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे. ज्या शिसवीच्या 'उबदार' आवाजाची दुकानदार स्तुती करतो, ती घासणाऱ्याच्या छातीतला आवाज कोणी ऐकला आहे काय?

आपल्याकडे म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दांडा लाकडाचाच, आणि तोच रानाचा वैरी. कामगाराचेही असेच होते. त्याच्याच कसबाची वस्तू बाजारात लाकडाच्या नावाने, कंपनीच्या नावाने विकली जाते. आणि त्या नावापुढे त्याचीच मजुरी पडते. हे टाळायचे तर कसबाला नाव आणि दाम दोन्ही मिळायला हवे.

आपल्या गावातली पोरे आता गिटार घेतात, मला त्याचे कौतुक आहे. त्यांना माझा सल्ला एवढाच. दुकानात गेलात की लाकडाचे नाव शेवटी विचारा. आधी वाद्य गळ्यात अडकवून हात सोडा आणि कुठे झुकते ते बघा. मान डोळ्यासमोर धरून तिची रेषा पाहा. प्रत्येक पट्टीवर सूर दाबून कुठला लवकर विझतो ते ऐका. मग विचारा, फळी किती दिवस मुरली होती, आणि हे घडवले कोणी? दुकानदाराला उत्तर येणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी तोच प्रश्न विचारला तर अकराव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवील. आमच्या संघटनेचे कामही असेच चालते. एकाने विचारले तर उद्धटपणा ठरतो, शंभरांनी विचारले तर करार होतो.